आवाजापुरते दाजी

"झाला," मी म्हणालो.

स्टेजवर नवरा-नवरीच्या शेजारी उभे असलेले आजोबा हलले नाहीत. त्यांच्या शेजारच्या आजीही हलल्या नाहीत. आजोबांनी आहेराचं पाकीट नवऱ्याच्या हातात अर्धं दिलं होतं आणि अर्धं स्वतःकडं धरून ठेवलं होतं. फोटो निघाल्याशिवाय पाकीट सोडायचं नाही, ही आमच्या भागातली रीत आहे. दिलेलं फोटोत दिसलं पाहिजे.

"आजोबा, झाला फोटो. चला फुडं."

"कुठं झाला?"

"काढला की आत्ताच."

"वाजला न्हाई," आजोबा म्हणाले.

"ह्यो कॅमेरा वाजत न्हाई."

आजोबांनी आजीकडं बघितलं. आजी ओठ न हलवता म्हणाल्या, "हलू नगासा. काढू दे त्याला."

मी आणखी एक काढला. तोही वाजला नाही. दोघं समोर बघत उभे राहिले. त्यांच्या मागं रांग स्टेजच्या पायऱ्यांवरून खाली उतरून थेट मंडपाच्या दारापर्यंत गेली होती, आणि त्या रांगेतला प्रत्येक माणूस उपाशी होता.

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. मणेराजुरी रस्त्यावरचं कार्यालय, वैशाखातलं ऊन, आणि बेदाण्याचे व्यापारी संपतराव जमदाडे यांच्या एकुलत्या एक मुलाचं लग्न. साडेबाराला अक्षता पडल्या, तोपर्यंत सगळं उत्तम चाललं होतं. गळ्यात माझा नवा कॅमेरा होता, आरसा नसलेला. तासगावात तो माझ्याआधी कुणी आणला नव्हता, आणि हे मी भेटेल त्याला सांगत होतो.

आरशाचं थोडं सांगायला हवं. आमच्या धंद्यात वर्षानुवर्षं चालले ते मोठे काळे कॅमेरे, त्यांच्या पोटात एक आरसा असतो. बटण दाबलं की आरसा वर उडतो, खाली पडतो, आणि त्याचाच तो खटाक् असा आवाज. नव्या कॅमेऱ्यात आरसाच नाही. त्याला वाजायचं असेल तर वाजतो, नसेल तर नाही. नवऱ्या मुलाची बहीण अनुजा पुण्याला नोकरीला. तिनं आधीच बजावलं होतं, "विधी चालू असताना ती खटखट नको, आणि फ्लॅश तर अजिबात नको." मी कोल्हापूरला दुकानात जाऊन कॅमेरा गप्प करून आणला. गप्प केला की त्याचा फ्लॅशही पडत नाही. दुकानातला पोरगेला माणूस म्हणाला, "सेट करून दिलंय. आता मेनूला हात लावू नका." मेनू पन्नास-साठ पानांचा, सगळा इंग्रजीत. हात लावायची माझी बिशाद नव्हती.

विधींना हे छान जमलं. कन्यादानाला, सप्तपदीला मी मांजराच्या पावलांनी फिरलो. भटजी दोनदा वळून म्हणाले, "फोटोग्राफर कुठं गेला?" मला ती शाबासकी वाटली. आहेराच्या रांगेचा विचार मात्र मी केला नव्हता, अनुजानं केला नव्हता आणि कॅमेरा बनवणाऱ्यांनी तर मुळीच केला नसणार. आमच्याकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या एकच गोष्ट शिकलेली. उभं राहायचं, समोर बघायचं, खटाक् वाजलं आणि लख्ख झालं की पाकीट सोडायचं आणि जेवायला पळायचं. माझ्या कॅमेऱ्यात ना खटाक्, ना लख्ख.

मी हात वर करून खूण करायला लागलो. लोकांना वाटलं, मी थांबा म्हणतोय. मग मी तोंडानंच "खटाक्" म्हणालो. एका बाईंनी डोळे वटारले, "चेष्टा करतोस व्हय रं?" पुढं एक निवृत्त हेडमास्तर आले. त्यांनी कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर फोटो दाखवायला लावला, चष्मा बदलून बघितला, मग पाकीट सोडलं. ते बघून त्यांच्या मागच्या प्रत्येकाला आपला फोटो बघायचा होता. वीस मिनिटांत अकरा कुटुंबं झाली.

संपतराव फेटा सावरत आले. "जालिंदर, पंगत भरंना. वाढपी जिलेबी घिऊन उभा हाय."

"जरा अडचण आलीया."

"अडचण मलाबी दिसतीया. हिंदुराव कुठं हाईत? त्यास्नी बोलीव."

हिंदुराव माळी म्हणजे माझे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. बाजारपेठेत त्यांचा 'शालन फोटो स्टुडिओ'. शालन म्हणजे माझी अक्का. बारावीला मी दोनदा गटांगळी खाल्ली तेव्हा अक्कानं मला तासगावला आणून ठेवलं आणि दाजींनी हातात लाईट दिली. दोन वर्षं नुसती लाईट धरली. मग कॅमेरा. मला जे काही येतं ते दाजींचं. हे वाक्य मी चारचौघांत नेहमी म्हणत आलो आहे आणि म्हणताना कधी अडखळलो नाही.

त्या दिवशी दाजी घरी होते, कारण मी त्यांना घरी बसवलं होतं. "पार्टीनं एकच माणूस सांगिटलाय," असं मी त्यांना म्हणालो होतो. दाजी बरं म्हणाले होते. दाजी बहुतेक गोष्टींना बरंच म्हणतात.

मी स्टेजच्या मागं जाऊन फोन लावला.

"बोल."

"दाजी, काय करताय?"

"इरफान आलाय मिरजंचा. कॅमेरा न्यायला."

हे मला माहीत नव्हतं. इरफान जुने कॅमेरे घेऊन सुटे भाग विकायचा. दाजींचा मोठा कॅमेरा, चौदा वर्षं वापरलेला, ज्याला दुकानात दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपायचा नाही, तो ते विकायला निघाले होते.

"विकताय?"

"आता आरशाचं कोण घेतंय? ह्यो म्हणतोय, कंपन्यासुदिक बनवायच्या बंद करायला लागल्यात. सुट्या भागालाच काय ती किंमत. दोन वर्सांनी तीबी न्हाई." मग थोडं थांबून, "तुझं काय काम हुतं?"

मी सगळी हकिकत सांगितली. मग मी ते वाक्य बोललो. घाईत होतो, पण घाईत माणूस बोलतो ते मनातलंच असतं.

"तुम्ही या. फोटो मीच काढतो. तुम्ही निस्तं वाजवायचं."

"निस्तं वाजवायचं."

"व्हय. म्हणजे फ्लॅश पडला, खटाक् झालं, की लोक हलतील."

पलीकडं इरफान चहाला नको म्हणत होता आणि अक्का घ्याच म्हणत होती.

"येतो," दाजी म्हणाले.

दहा मिनिटांत आले, इरफानच्याच गाडीतून. इरफानही आत आला. माल ताब्यात आल्याशिवाय तो हलणार नव्हता. दाजींनी संपतरावांना नमस्कार केला, माझ्या डाव्या हाताला येऊन उभे राहिले, गळ्यात तो मोठा काळा कॅमेरा, वर फ्लॅश.

"कसं करायचं?" त्यांनी विचारलं.

"मी आधी काढतो. काढला की भुवई उडवतो. मग तुम्ही वाजवा."

"बरं."

पहिलं कुटुंब उभं राहिलं. मी गुपचूप काढला, भुवई उडवली. खटाक्, लख्ख. पाकीट सुटलं, कुटुंब उतरलं. दुसरं आलं. भुवई, खटाक्, लख्ख. रांग अशी सरकायला लागली की खाली एका म्हाताऱ्यानं मोठ्यानं सांगितलं, "आला रं खरा फोटोग्राफर."

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दाजींनीही.

इरफान पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसला होता आणि त्याचा चेहरा उतरत चालला होता. आरशाच्या कॅमेऱ्याचं आयुष्य खटक्यांत मोजतात. गाडीचे किलोमीटर असतात तसे याचे खटके. सौदा सकाळच्या आकड्यावर ठरला होता, आणि इथं त्याच्या डोळ्यांदेखत, एकही फोटो नको असताना, आकडा पळत होता. थोड्या वेळानं तो उठून स्टेजजवळ आला.

"काका, किती माणसं आहेत अजून?"

"चारपाचशे," दाजी म्हणाले.

"गट करता येतील का? एकेकटं कशाला उभं करायचं?"

"बघ की करून."

इरफान रांगेत शिरला. "भावकी एकत्र या. सावळजचे सगळे एकदम. मामा, तुम्ही एकटे कशाला, या पाहुण्यांबरोबर उभे राहा." ज्यांची वर्षानुवर्षं बोलाचाली नव्हती असे दोन चुलतभाऊ त्यानं एका फोटोत उभे केले. संपतराव लांबून बघत होते. मला येऊन म्हणाले, "ह्यो माणूस हुशार हाय तुमचा. कुठनं आणला?"

"मिरजेचा हाय," मी म्हणालो.

अडीच वाजेपर्यंत निम्म्याहून जास्त रांग उरकली. मधे नवरी हात धुवायला गेली, तेवढ्यात मी मागं जाऊन कोल्हापूरच्या दुकानात फोन लावला. चार वेळा लागला नाही, पाचव्यांदा उचलला.

"साधं आहे," तो पोरगेला माणूस म्हणाला. "मेनूत तिसऱ्या पानावर सायलेंट आहे. तिथं ऑफ करा. आवाज पण येईल, फ्लॅश पण चालेल."

"एवढंच?"

"एवढंच."

मी कॅमेरा हातात घेऊन उभा राहिलो. तिसरं पान उघडलं, ती ओळ सापडली. आता बटण दाबलं की दाजी मोकळे. इरफान कॅमेरा पिशवीत घालणार, गाडी मिरजेच्या रस्त्याला लागणार, आणि दाजी घरी जाऊन खुर्चीत बसणार. हे सगळं मला एकदम दिसलं आणि माझं मन झालं नाही. मी मेनू बंद केला. आज आपण दाजींसाठी काहीतरी केलं, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मला स्वतःचं कौतुकही वाटलं. कुणाला न सांगता चांगलं वागलं की माणूस आतून जरा फुगतो.

"दाजी, मी दोन घास खाऊन येतो," मी म्हणालो. "नवरी आली की पाच मिनिटं थांबवा रांग. माझा कॅमेरा इथं खुर्चीवर ठेवतो."

"जा."

पंगतीत बसलो, जिलेबीही आग्रह करून वाढून घेतली. शेवटचा भात कालवत असताना स्टेजच्या बाजूनं लख्ख झालं. पुन्हा एकदा झालं. दाजींनी रांग थांबवली नव्हती. मी भात तसाच टाकून उठलो, कारण दाजी नुसते वाजवत असतील तर ती सगळी माणसं बिनफोटोची खाली उतरत होती.

स्टेजपाशी पोचलो तेव्हा इरफान त्याच्या खुर्चीवर बसला होता. त्याच्या मांडीवर पिशवी आणि पिशवीत दाजींचा मोठा काळा कॅमेरा, फ्लॅश काढलेला. इरफानचा चेहरा आल्यापासून प्रथमच निवांत दिसत होता.

दाजी स्टेजसमोर उभे होते. त्यांच्या हातात माझा नवा कॅमेरा होता, वर त्यांचा फ्लॅश. समोर मणेराजुरीची पंधरा माणसं.

"तात्या, मान जरा सरळ. वैनी, पोराला पुढं घ्या." खटाक्, लख्ख. "झालं. या."

बारीक, कोरडा आवाज, आरशाच्या आवाजाच्या निम्माही नाही. पण लख्ख झालं होतं आणि माणसं हलली.

मी जवळ गेलो. "दाजी, आवाज कसा आला?"

"तिसऱ्या पानावर हाय," दाजी समोर बघतच म्हणाले. "सायलेंट म्हणून."

"तुम्हाला म्हाईत हुतं?"

"तू ह्यो आणल्यापासनं चार महिनं झालं. तू जेवायला घरी गेलास की काढून बघतो. पुस्तक हाय की डब्यात. इंग्रजी हाय, पर चित्रं हाईत." त्यांनी पुढच्या कुटुंबाला जवळ या अशी खूण केली. "तू ते पुस्तक फोडलंबी न्हाईस. पिशवी तशीच हुती."

"मग आल्या आल्याच का न्हाई सांगिटलं?"

खटाक्, लख्ख. कुटुंब उतरलं. दाजींनी कॅमेरा खाली घेतला आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"तू फोटो काढायला बोलीवलं असतंस तर सांगिटलं असतं," ते म्हणाले. "तू वाजवायला बोलीवलंस. वाजवलं."

समोर माणसं येऊन उभी राहिली होती. दाजींनी कॅमेरा परत डोळ्याला लावला. राहिलेली सगळी रांग त्यांनीच काढली. मी बाजूला उभा राहून माणसांना पायरी जपून उतरा असं सांगत होतो. कुणाला त्याची गरज नव्हती.

चारच्या सुमारास सगळं आटोपलं. कार्यालयाच्या फाटकाशी इरफाननं दाजींचा हात हातात घेतला. वाढलेल्या खटक्यांबद्दल तो काही बोलला नाही. उलट म्हणाला, "काका, आज मजा आली. असलं काम असलं तर मला बोलवत जा."

मी इरफानच्या पिशवीला हात घातला. "दाजी, ऱ्हाऊ दे. ह्यो विकू नका. दुकानात काचंच्या कपाटात ठिवू. शोभंला."

"शोभंला मी हाय की," दाजी म्हणाले, आणि इरफानसाठी गाडीचं दार उघडून दिलं.

आम्ही माझ्या मोटरसायकलवर निघालो. दाजी मागं, नव्या कॅमेऱ्याची पिशवी दोघांच्या मधे. दोन्ही बाजूंना द्राक्षाच्या बागा, खरडछाटणी होऊन नवी पालवी आलेल्या. अर्धा रस्ता मागं पडला. मग माझ्यानं राहवेना.

"दाजी, त्या पार्टीनं एकच माणूस सांगिटला न्हवता."

"म्हाईत हाय."

"कसं?"

"संपतरावांनी मला पत्रिका आणून दिली. आठ दिस झालं. सहकुटुंब या म्हणून." गाडी खड्ड्यातून गेली, दाजींनी माझ्या खांद्याला धरलं. "आजपातूर एका लग्नाची पत्रिका मला कुणी दिली न्हवती. फोटोग्राफरला कोण पत्रिका देतंय? तो येणारच असतोय. मी म्हणलं, ही कशापायी? तर म्हणालं, हिंदुराव, तुमी काम थांबवलंय न्हवं? जालिंदर सांगत हुता."

ते मी सांगितलं होतं. संपतरावांना सांगितलं की दाजींनी काम थांबवलंय, आणि दाजींना सांगितलं की संपतरावांना एकच माणूस हवाय. दोन्हीकडं एकेक वाक्य, दोन्ही बिनबोभाट खपली. कारणही काही मोठं नव्हतं. पुण्याची माणसं येणार, नवा कॅमेरा असणार, आणि शेजारी दाजी आपला तो धोंडा गळ्यात घालून "हलू नका, हलू नका" करत फिरणार, याची मला लाज वाटली होती. ज्या माणसानं मला लाईट धरायला शिकवलं, त्याची.

"आठ दिस म्हाईत हुतं आणि बोलला न्हाई," मी म्हणालो.

"काय बोलू? पत्रिका आली म्हणजे थांबलो असणारच, म्हणलं. इरफानला फोन लावला."

मी गाडी बाजूला घेतली आणि थांबवली. का थांबवली ते सांगता येणार नाही. दोघं उतरलो. दाजींनी पिशवी खांद्याला लावली आणि बागेकडं बघत उभे राहिले.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"हूं."

"फुडच्या रविवारी सावळजचं लगीन हाय. याल?"

"काय म्हणून?"

दाजी प्रश्न विचारतात तेव्हा उत्तरासाठी थांबतात. त्यांनी घाई केली नाही.

"फोटोग्राफर म्हणून," मी म्हणालो.

"आणि तू?"

"मी लाईट धरतो."

दाजींनी यावर विचार केला. एक ट्रॅक्टर गेला, त्याच्या ट्रॉलीतल्या मजुरांनी आमच्याकडं बघितलं, दाजींनी पिशवीवरची धूळ झटकली.

"नीट धरावी लागंल," ते म्हणाले. "मागच्या टायमाला तुझा हात हालत हुता."

मग ते गाडीजवळ आले, आणि मी किल्ली लावायच्या आत पुढच्या सीटवर बसले.